मशीनपुरतं वारं

आपण आयुष्यात बायकोचा सल्ला कधी घेतला नाही, असं हौशीराम वडिवळ्याच्या पारावर छातीठोकपणे सांगायचा, आणि ते खरंही होतं. सल्ला तो देवीचा घ्यायचा. आता ती देवी त्याच्या बायकोच्याच अंगात येत होती, त्याला तो तरी काय करणार.

बयाबाईच्या अंगात लग्नाच्या आधीपासून वारं यायचं, कार्ल्याच्या आईचं. चैत्रात, नवरात्रात किंवा एखाद्या मंगळवारी आरती टिपेला गेली की तिचे केस सुटायचे, श्वास मोठा व्हायचा, आणि एरवी चुलीपाशी चार शब्द बोलून गप्प होणारी ही बाई सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायला लागायची. तेवढ्या वेळात हौशीराम आपले प्रश्न उरकून घ्यायचा. धरणाकडचं खाचर वाट्याने द्यायचं का, पोराला, कैलासला, तळेगावच्या कंपनीत धाडायचं का, घराचं दार कुठल्या अंगाला काढायचं. देवीची उत्तरं अगदी नेमकी असत. दाराच्या वेळी तर तिने "चुलीवर उजेड पडंल असं काढ, हौशा" असं फर्मावलं होतं. देवीला चुलीवरच्या उजेडाची एवढी काळजी कशी, हा विचार हौशीरामच्या डोक्यात आला नाही, आणि आला असता तरी त्याने तो परत पाठवला असता, कारण उत्तर बरोबर होतं. शिवाय एरवी जी त्याला नुसतं "आवं" म्हणायची, तिच्या तोंडून आपलं नाव ऐकायला त्याला फार बरं वाटायचं. हे मात्र त्याने पारावर कधी सांगितलं नाही.

दोन वर्षांपूर्वी बयाबाईच्या पोटाचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. यंदा भात झोडून घरात आलं आणि तपासणीत दुसरी गाठ दिसली, बोराएवढी, आतड्याला अगदी खेटून. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, आता पुन्हा कापायचं नाही, लाईट देऊ. किरणांच्या उपचाराला गावाकडे लाईटच म्हणतात. एका नव्या मशीनवर, दिवसाआड, पाच वेळा. वेळेत झालं तर गाठ मरेल. लांबलं तर ती आतड्यात शिरेल आणि मग आमच्या हातात फारसं काही उरणार नाही, हे त्यांनी हौशीरामला बाजूला घेऊन सांगितलं. त्या दिवसापासून तो जेवताना बयाबाईच्या ताटाकडे बघत राहायचा. तिने भाकरी संपवली की मग आपली मोडायचा. तिला वाटायचं, यांना भाकरी आवडेनाशी झाली.

लाईट सुरू व्हायच्या आधी एक दिवस नुसता समजावून सांगण्याचा होता. ते काम माधवीकडे होतं. कुणाला किती लाईट, कुठून आणि कशी द्यायची याचं गणित ती मांडायची. तिला तिथे फिजिसिस्ट म्हणत. तळेगावची मुलगी, तिशीच्या आतली. आपलं बोलणं समोरच्याला कळलंच पाहिजे असा तिचा हट्ट होता, आणि सगळा घोळ त्या हट्टापायीच झाला.

"मावशी, हे साधं मशीन नाही," ती म्हणाली. "यात मोठं लोहचुंबक आहे. चुंबकामुळे लाईट देताना आतली गाठ आम्हाला समोर दिसते. तुम्ही श्वास घेतला की ती कशी हलते तेसुद्धा दिसतं. त्यामुळे नेम चुकत नाही. पण चुंबक आहे म्हणून एक पथ्य आहे. आत वारं असेल तर लाईट सरळ वागत नाही. वाऱ्यापाशी गेली की वळते, माघारी फिरते आणि चांगल्याच जागेला भाजते. तर मला सांगा, तुमच्या आत वारं असतं का?"

बयाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने नकारार्थी मान हलवली, म्हणजे मी काही हिला सांगितलेलं नाही.

"असतंय की," बयाबाई म्हणाली. "लग्नाच्या आदीपासनं हाय."

"एवढं जुनं? रोज होतं?"

"रोज कसं? चैतात, नवरात्रात. येकांद्या मंगळवारी."

माधवीने समजूतदारपणे मान डोलावली. "उपवासाचं खाणं. साबुदाणा, शेंगदाणे, रताळी. बहुतेक बायकांचं हेच असतं. आता हे संपेपर्यंत उपवास बंद."

"आन वारं?"

"ते काढावंच लागेल, मावशी. वारं आत असताना मी मशीन लावू देणार नाही. पण घाबरू नका, मी डॉक्टरांकडून गोळ्या लिहून घेते. दोन दिवसांत साफ जाईल."

हौशीरामची छाती आधी अभिमानाने फुगली. जी गोष्ट पोटचा पोरगा मानत नव्हता, ती पुण्याच्या मशीनला ओळखू येत होती. मग त्याने बायकोचा चेहरा पाहिला आणि छाती खाली बसली.

परतीच्या लोकलमध्ये बयाबाई खिडकीकडे तोंड करून बसली. तळेगाव गेलं, वडगाव गेलं.

"दोन दिसांत साफ जाईल म्हनं," कान्हे फाट्यापाशी ती म्हणाली. कामशेतला उतरता उतरता तिने वाक्य पुरं केलं. "मी न्हाई जानार त्या मशीनकडं."

घरी आल्यावर हौशीरामने सगळं करून पाहिलं. चिडला, मग विनवण्या केल्या, मग पुन्हा चिडला. कैलासला फोन करायची सोय नव्हती. वारं हे मनाचे खेळ असतात, असं तो एकदा आईच्या तोंडावर म्हणाला होता आणि तेव्हापासून नवरात्रात त्याला नेमकी जादा पाळी लागायची. त्याला हे सांगणं म्हणजे आगीत तेल ओतणं. सुनेला सांगितलं असतं तर ते संध्याकाळपर्यंत त्याच्या कानावर गेलंच असतं.

"अगं, जीव ऱ्हायला तर देवी," हौशीराम म्हणाला. "तूच न्हाई ऱ्हायलीस तर ती येनार कुनाच्या अंगात?"

बयाबाई तांदूळ निवडत होती. तिने हात थांबवला नाही.

"आवं, घर तुमच्या बापानं बांदलेलं. शेत तुमचं. पोरगा कंपनीचा न् बायकूचा, तसाच असावा, त्येचं मला काय न्हाई. ती येवढी माझी हाय. ती आली की मानसं माझं ऐकत्यात. तुमीबी ऐकता." तिने एक खडा उचलून दाराबाहेर टाकला. "तिला गोळ्या खाऊन साफ करू व्हय?"

चाळीस वर्षांच्या संसारात बायको एवढं सलग बोलली होती ती देवीशिवाय पहिल्यांदाच, आणि हे त्याच्या लक्षातही आलं नाही, इतका तो घाबरलेला होता. गोळ्यांची पुडी फळीवर तशीच पडून राहिली.

पहिली लाईट शुक्रवारी होती. बुधवारी सकाळी तो "कामशेतला पेंड आनाय जातो" म्हणून निघाला आणि मळवलीला जाऊन उतरला. तिथून कार्ल्याच्या पायथ्याला, आणि नारळ घेऊन वर. आडवार असल्यामुळे गर्दी बेताची होती. मुंबईची काही मंडळी लेण्यापुढे फोटो काढत होती. त्यांच्या मागून वाट काढत तो देवीपुढे जाऊन उभा राहिला, आणि तिथे पोचल्यावर त्याला कळेना की सुरुवात कशी करायची. आजवर देवी त्याच्या ओटीवर येऊन बोलली होती. समोरासमोर, अशी गप्प, त्याला तिची सवय नव्हती.

"आई," तो शेवटी पुटपुटला, "हिला सोड. कायमची सोड. मला बोलतानाच कसंतरी व्हतंय, पर सोड. तुला डोंगर भरून मानसं हायत. मला ही येकच हाय. रागावली तर माझ्यावर रागाव, तिला काय करू नगंस. तिनं काय मागितलेलं न्हाई, मीच मागतोय." मग त्याला व्यवहार आठवला. "आन लय घाई हाय. शुक्कारी लाईट हाय."

मागून कुणीतरी पुढे चला, पुढे चला म्हणालं. तो पुढे चालला. उतरताना त्याला रडू आलं आणि ते त्याने पुसलंही नाही. ज्या देवीने त्याचं सगळं घर सावरलं होतं तिलाच तो घराबाहेर जायला सांगून आला होता.

घरी आला तेव्हा हातात पेंड नव्हती आणि कपाळावर मळवट होता. बयाबाईने दोन्ही पाहिलं आणि ती चुलीकडे वळली. हौशीराम मात्र वाटेत एक तोडगा ठरवून आला होता.

"येक डाव त्या पोरीलाच इचारू," तो म्हणाला. "कायमचं काडायला नगं. मशीनपुरतं भाईर ठिवता येतं का बगू. देवळात जाताना चपला ठिवत्यात तसं."

"चपला?" बयाबाईने डोळे वटारले. पण नवऱ्याचा चेहराच असा झाला होता की तिला हसू फुटलं. किती दिवसांनी ती हसली. "बरं, इचारायला येते. पर गोळ्या न्हाई घेनार."

आणि आपल्याला काही धाड भरलेली नाही हे दाखवायला तिने गुरुवारी पावट्याची झणझणीत आमटी केली. स्वतः दोन वाट्या प्यायली. हौशीरामने ते पाहिलं आणि समाधानाने आपली भाकरी मोडली.

शुक्रवारी इस्पितळात विचारायला सवडच मिळाली नाही. मशीनपाशी गडबड होती. नर्सने बयाबाईला कपडे बदलायला नेलं. मंगळसूत्र, जोडवी, केसांतले आकडे, चुंबकापुढे धातूचं काही चालत नाही म्हणून सगळं काढून हौशीरामच्या हातात दिलं.

"मला त्या पोरीशी बोलायचंय," बयाबाई म्हणाली.

"मॅडम आत काचेमागे आहेत, मावशी, तिथून बोलतील. गोळ्या घेतल्या ना?"

नाही म्हटलं तर हे आपल्याला दारातूनच परत धाडतील या भीतीने हौशीरामच म्हणाला, "घेतल्या, घेतल्या."

बयाबाईला आत नेऊन मशीनवर निजवलं. थोड्या वेळाने माधवी बाहेर आली. तिच्या कपाळाला आठी होती.

"आबा, गोळ्या घेतल्या म्हणालात ना? आत या जरा." तिने त्याला पडद्यांसमोर उभं केलं. "हे मावशींचं पोट. ही गाठ. आणि हे बघा, गाठीला लागून. केवढं वारं आहे."

पडद्यावर करड्या गोधडीसारखं काहीतरी होतं आणि मधोमध एक काळंभोर, गोल, टपोरं भोक. हौशीराम बघत राहिला. मग त्याने टोपी काढून काखेत मारली, हात जोडले आणि पडद्यापुढे वाकला.

"आबा, काय करताय?"

"पाया पडतोय," हौशीराम म्हणाला. "येवढी वर्सं घरात हाय, पर दर्शन आज झालं. जा म्हनलं तरी गेली न्हाई बगा. माजी बायकू तिला लय प्यारी हाय."

माधवीने आधी पडद्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग तिने खुर्ची पुढे ओढली. "आबा, बसा. गेली नाही म्हणजे कोण?"

त्याने सांगितलं. चैत्र, नवरात्र, मंगळवार, कार्ला, सगळं. ऐकता ऐकता तिने कपाळावर हात मारून घेतला.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "आबा, हा गॅस आहे. पोटातला गॅस, आपल्याला होतो तो. मी मुद्दाम गॅस म्हणाले नाही. मागे एका आजोबांना विचारलं, तुम्हाला गॅस आहे का, तर म्हणाले, व्हय, दोन सिलिंडर. म्हणून मला वाटलं, वारं म्हटलं की गावाकडच्या माणसांना बरोबर कळेल."

हौशीराम त्या काळ्या भोकाकडे पुन्हा पाहू लागला. मघाशी जोडलेले हात आता कुठे ठेवावेत ते त्याला कळेना.

"म्हंजी हे पावट्याचं हाय?"

"असेल. पण ते खोटं नव्हतं, मी सांगितलं ते. नीट सांगते." माधवीने पडद्यावर बोट ठेवलं. "लाईट स्वतः वळत नाही. ती आत शिरली की अंगातले बारीक बारीक कण उडवते, आणि गाठीला मारायचं खरं काम ते कण करतात. चुंबक त्या कणांना वळवतं. मांसातून जाताना ते आपटत आपटत थोड्यात थांबतात, त्यामुळे थोडे वळले तरी बिघडत नाही. पण मध्ये अशी हवेची पोकळी आली की त्यांना अडवायला काही नसतं. मोकळ्यात ते गोल वळतात आणि ज्या भिंतीतून निघाले तिथेच परत येऊन बसतात. त्या भिंतीला जास्त भाजतं, समोरच्या भिंतीला कमी पोचतं."

"म्हस मोकळी सुटली तर गोल फिरून आपल्याच गोठ्यात येती, तसं."

"तसंच. आणि इथे गोठ्याची भिंत म्हणजे मावशींचं आतडं." तिने हेच गणित रंगांत करून दाखवलं. काळ्या भोकाच्या एका कडेला लाल चंद्रकोर उमटली. "आपण थोड्याच वेळा, पण मोठी लाईट देतो आहोत. ही लाल जागा आतड्यावर आली तर त्याला भोकसुद्धा पडू शकतं. म्हणून माझा हट्ट."

"मंग तेवढा येळ चुंबक बंद केलं तर?"

"ते बंद होत नाही, आबा. दिवसरात्र चालू असतं. आपल्याला वारंच काढायला हवं. मावशींना घेऊन बाहेर फेऱ्या मारा. तासाभराने पुन्हा बघू. गेलं तर आजच सुरू करू."

एवढं सांगून तिने बयाबाईला टेबलावरून उतरवलं आणि त्याच्या स्वाधीन केलं.

बाहेरच्या लांब बोळात दोघं चालायला लागली. ती इस्पितळाच्या ढगळ झग्यात, तो टोपी हातात घेऊन. हौशीरामने सगळं उलगडून सांगितलं, कण, चुंबक, गोठा, पावटा. बयाबाई चालता चालता थांबली.

"म्हंजी ती पोरगी गॅसचं इचारत व्हती? आन मी तिला चैत न् नवरात्र सांगितलं?"

"व्हय. आन मी त्या गॅसच्या पाया पडलो."

बयाबाईने तोंडाला पदर लावायला हात नेला, झग्याला पदर नव्हता, म्हणून तळहातच लावला आणि भिंतीला टेकून पोट धरून हसली. इतकी हसली की एक नर्स पाहायला आली. त्या हसण्याने जे व्हायचं ते झालं. जिन्यापाशी वारं आपल्या वाटेने गेलं, आणि दोघांनीही ते न ऐकल्यासारखं केलं.

आणखी एक फेरी झाली. हौशीराम मात्र हसत नव्हता.

"येक सांगायचं ऱ्हायलंय," तो म्हणाला. "बुधवारी मी पेंडीला गेलो नव्हतो."

"ठावं हाय."

"कार्ल्याला गेलतो. तिला म्हनलो, हिला सोड. कायमची." त्याने टोपी चुरगाळली. "मला कुटं म्हाईत हा गॅस हाय म्हनून. आता ती खरंच गेली आसंल तर तुझं व्हतं तेबी मी घालवलं."

बयाबाई त्याच्याकडे बघत उभी राहिली. देवी गेली की राहिली, हे चैत्रापर्यंत नक्की कळणार नव्हतं. पण हा माणूस देवीपुढे जाऊन तिला नको म्हणाला होता, कशासाठी म्हणाला होता, ते तिला कळलं. तिचे डोळे भरले.

"आन ती गेली आसंल," ती म्हणाली, "तर मंग तुमी इचारनार कुनाला?"

बोळाच्या टोकाला दार उघडून माधवी बाहेर आली, दोघांना पाहून तिथेच थांबली.

"तुला इचारीन," तो म्हणाला.

"इचारा मंग."

त्याच्यापाशी एकच प्रश्न होता. डॉक्टरांनी बाजूला घेतलं त्या दिवसापासून तो त्याने मनातच ठेवला होता, आणि चैत्रात देवीपुढेही विचारायचा त्याला धीर होणार नव्हता.

"तू बरी व्हशील का गं?"

बयाबाईचे केस सुटले नाहीत की श्वास मोठा झाला नाही. ती आपल्या रोजच्या, चुलीपाशी बोलायच्या आवाजात बोलली.

"म्हाईत न्हाई," ती म्हणाली. "पर मला व्हायचंय." मग ती माधवीच्या दिशेने निघाली, दोन पावलांवर थांबली आणि मागे वळली. "तुमी हितंच बसा. कुटं जाऊ नगा."